न्यूमन सेंटर : परक्या विद्यापीठातलं एक घर

१९७४ च्या ऑगस्टमध्ये मी विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकायला मॅडिसनला पोचलो. जवळ एक सूटकेस, मोजके डॉलर आणि आईने बळेच कोंबलेला मेतकुटाचा डबा. पहिले तीन महिने अभ्यासाच्या धबडग्यात कसे गेले ते कळलं नाही. मग आला थँक्सगिव्हिंग. होस्टेल रिकामं, खाणावळ बंद, बाहेर बर्फ. खोलीत बसून ब्रेडला काय लावावं याचा विचार करत असताना दारावर थाप पडली. माझ्याबरोबर प्रयोगशाळेत काम करणारा मोंटानाचा एक मुलगा होता. घर लांब म्हणून तोही सुट्टीत अडकलेला. म्हणाला, "चल, जेवायला जाऊ."

तो मला स्टेट स्ट्रीटवर, मेमोरियल लायब्ररीच्या शेजारी असलेल्या सेंट पॉल्समध्ये घेऊन गेला. हे कॅथलिक विद्यार्थ्यांचं केंद्र आहे हे आत गेल्यावर कळलं, आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. आईच्या प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं असे : "तिकडे कुणी बाटवत नाहीत ना?" आता बहुतेक ती वेळ आली, असं वाटलं. प्रत्यक्षात झालं एवढंच, की मला टर्की चालत नाही म्हटल्यावर एका बाईंनी बटाटे, घेवडा आणि भोपळ्याचा पाय पानात भरभरून वाढला. तिथल्या फादरांनी माझं नाव दोनदा विचारून नीट म्हणून पाहिलं आणि घरून पत्रं येतात का, एवढंच विचारलं. धर्माचा विषय कुणी काढला नाही. पुढची दोन वर्षं मी तिथे अधूनमधून कॉफीला जात राहिलो, आणि जसा गेलो तसाच हिंदू परत येत राहिलो.

अशा केंद्रांना अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'न्यूमन सेंटर' म्हणतात. हा न्यूमन कोण, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडला निवृत्तीनंतर, हाताशी वेळ आल्यावर. वाचता वाचता लक्षात आलं, की ही हकिकत आपल्या मंडळांच्या कामाशीही बरीच जुळते. म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑक्सफर्डची बंद दारं

गोष्ट सुरू होते इंग्लंडात. १५८१ पासून ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेताना अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. कॅथलिकांना ती सही करणं शक्य नव्हतं, म्हणजे विद्यापीठाचं दारच बंद. त्या काळात इंग्लंडात राहणं अवघड झालेले किती तरी कॅथलिक तरुण देशाबाहेर गेले. त्यांतला एक आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. थॉमस स्टीफन्स रोमला जाऊन १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढे त्याने मराठीत 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. मराठीला मिळालेला हा फादर स्टीफन्स एका अर्थी इंग्लंडच्या धर्मकलहाची देणगीच म्हणायची.

जॉन हेन्री न्यूमनचा जन्म १८०१ चा. तो स्वतः ऑक्सफर्डचा लाडका माणूस. ओरिएल कॉलेजचा फेलो, विद्यापीठाच्या सेंट मेरीज चर्चचा धर्मगुरू. त्याची प्रवचनं ऐकायला विद्यार्थी गर्दी करत. १८४५ मध्ये तो कॅथलिक झाला आणि त्याचं ऑक्सफर्ड सुटलं. पुढे डब्लिनला नव्याने निघालेल्या कॅथलिक विद्यापीठाचा तो पहिला रेक्टर झाला. विद्यापीठ कशासाठी असतं, यावरची त्याची व्याख्याने 'द आयडिया ऑफ अ युनिव्हर्सिटी' या नावाने आजही वाचली जातात. विद्येने माणूस सुसंस्कृत होतो, पण तेवढ्याने तो सज्जन होईलच असं नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या बुद्धीबरोबर त्याच्या मनाकडेही कुणी तरी पाहायला हवं, असा त्याचा सूर होता.

दरम्यान १८५४ च्या कायद्याने ऑक्सफर्डची पदवीपरीक्षा आणि १८७१ च्या कायद्याने बाकीची बहुतेक दारं सर्व पंथांना उघडी झाली. गंमत म्हणजे सरकारने अडसर काढला, तेव्हा कॅथलिक बिशपांनी आपल्या बाजूने कडी लावली! ऑक्सफर्ड-केंब्रिजला गेलेली आपली मुलं श्रद्धा गमावून बसतील, अशी त्यांना धास्ती होती. कार्डिनल मॅनिंग या मताचे खंदे पुरस्कर्ते. १८६७ मध्ये रोमहूनही तशीच ताकीद आली. न्यूमनचं म्हणणं वेगळं होतं : मुलं जाणारच, तर त्यांच्यासाठी तिथे आपलं माणूस असू द्या. त्याने ऑक्सफर्डला मठ काढायचा बेत १८६० च्या दशकात दोनदा आखला आणि तो दोन्ही वेळा मोडला. मॅनिंगनी मुलांसाठी केन्सिंग्टनला वेगळं कॅथलिक कॉलेज काढलं. ते थोड्याच वर्षांत बंद पडलं. मनाई असूनही काही घरांतली मुलं ऑक्सफर्डला जातच राहिली.

न्यूमन १८९० मध्ये गेला, मॅनिंग १८९२ मध्ये. १८९५ मध्ये रोमने मनाई उठवली, ती एका अटीवर : विद्यार्थ्यांसाठी खास धर्मगुरू, म्हणजे चॅप्लेन, नेमला पाहिजे आणि त्यांच्यासाठी व्याख्यानं ठेवली पाहिजेत. म्हणजे जे न्यूमन तीस वर्षांपूर्वी सांगत होता, तेच. ऑक्सफर्डला रोनाल्ड नॉक्स १९२६ ते १९३९ चॅप्लेन होते. उत्तम वक्ते, शिवाय डिटेक्टिव्ह कादंबऱ्याही लिहीत. केंब्रिजच्या फिशर हाउसमध्ये आल्फ्रेड गिल्बी तब्बल १९३२ पासून १९६५ पर्यंत होते. पण सगळंच गोड नव्हतं. गिल्बींच्या फिशर हाउसमध्ये मुलींना मुलांच्या बरोबरीने स्थान नव्हतं. ते द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी पद सोडलं. आपलं घर म्हणताना ते कुणाकुणाचं, हा प्रश्न तिथेही होता.

मॅडिसनमधलं एक जेवण

अमेरिकेतली कथा आणखी मजेची, कारण इथे सुरुवात बिशपांनी केली नाही, विद्यार्थ्यांनी केली. आणि कुठे? तर आमच्या मॅडिसनमध्ये, तेही थँक्सगिव्हिंगच्या दिवशी! १८८३ मध्ये विद्यापीठाजवळ राहणाऱ्या मेल्व्हिन कुटुंबात काही कॅथलिक विद्यार्थी जेवायला जमले होते. त्यांतल्या एकाचं मध्ययुगातल्या चर्चवरून प्राध्यापकाशी वाजलं होतं. तो तावातावाने सांगू लागला. मेल्व्हिनबाईंनी सुचवलं, की नुसतं चिडून काय होणार. एकत्र जमा, वाचा, आपला इतिहास नीट समजून घ्या. त्यातून 'मेल्व्हिन क्लब' निघाला. हे वाचलं तेव्हा मला माझं १९७४ चं पान आठवलं. पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

त्या क्लबमधला टिमथी हॅरिंग्टन पुढे डॉक्टरकीसाठी फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेला. तिथे १८९३ मध्ये त्याने मित्रांना घेऊन तसाच क्लब काढला आणि नुकत्याच निवर्तलेल्या न्यूमनचं नाव त्याला दिलं. हा पहिला 'न्यूमन क्लब'. पुढे इतर विद्यापीठांतही असे क्लब निघाले आणि १९१५ मध्ये त्यांचा महासंघ झाला.

अमेरिकन बिशपांची अडचण समजण्यासारखी होती. त्यांची माणसं बहुतेक स्थलांतरितच : आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन. १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेत त्यांनी चर्चागणिक आपली शाळा काढायचा निश्चय केला होता. १८८९ मध्ये वॉशिंग्टनला कॅथलिक विद्यापीठही सुरू झालं. गोरगरिबांच्या वर्गणीतून हे उभं राहत असताना सरकारी विद्यापीठात चॅप्लेन नेमणं म्हणजे मुलांना तिकडे जायला आपणच परवानगी देण्यासारखं वाटे. पण शेतकऱ्याच्या मुलाला शेतकी आणि इंजिनिअरिंग स्वस्तात शिकवणारं विद्यापीठ सरकारीच होतं. १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांनी विद्यापीठं असलेल्या गावांत विद्यार्थ्यांसाठी धर्मशिक्षणाची सोय करावी असं पत्रक काढलं, तेव्हा मार्ग मोकळा झाला. १९०६ मध्ये फादर हेन्री हेंगेल मॅडिसनला आले आणि १९०९ मध्ये सेंट पॉल्सचं छोटं चर्च उभं राहिलं. सरकारी विद्यापीठातल्या कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी बांधलेलं अमेरिकेतलं ते पहिलं चर्च मानतात. म्हणजे १८८३ च्या जेवणापासून इमारतीपर्यंत २६ वर्षं गेली. मी पाहिली ती १९६८ ची काँक्रीटची इमारत. आता तिच्या जागी २०१७ मध्ये झालेली नवी वास्तू आहे.

याहून मोठा प्रयोग इलिनॉय विद्यापीठात झाला. फादर जॉन ओब्रायन १९१७ मध्ये तिथे आले. नुसता क्लब आणि रविवारची मिस्सा पुरेशी नाही, राहायला वसतिगृह हवं आणि धर्माचे अभ्यासक्रम विद्यापीठाने मान्य करावेत, असा त्यांनी ध्यास घेतला. अभ्यासक्रमांना क्रेडिट मिळालं आणि न्यूमन हॉलही झाला. १९२० च्या दशकात त्यांच्यावर सडकून टीका झाली, तीही आपल्याच लोकांकडून : तुम्ही मुलांना कॅथलिक कॉलेजांपासून तोडता! त्याच गावात मेथडिस्टांनी १९१३ मध्ये पहिलं वेस्ली फाउंडेशन काढलं होतं आणि ज्यूंनी १९२३ मध्ये पहिलं हिलेल. तीन धर्म, पण आईबापांची काळजी एकच.

१९४४ च्या जी.आय. बिलामुळे युद्धावरून परतलेले लाखो तरुण कॉलेजात आले आणि न्यूमन क्लब गजबजले. १९६० च्या दशकात दुसरी व्हॅटिकन परिषद, इंग्रजीतून मिस्सा, व्हिएतनामविरोधी चळवळ हे सगळं एकदम आलं. विद्यार्थ्यांची देशव्यापी न्यूमन संघटना त्या दशकाच्या अखेरीस विस्कटली. पण गावोगावची सेंटरं टिकली, कारण ती दिल्लीच्या जोरावर गल्ली चालावी तशी कधी चाललीच नव्हती. न्यूमन स्वतः २०१९ मध्ये संत म्हणून घोषित झाला.

आपल्यापुरतं

मंडळी, हे सारं सांगायचं कारण असं. आमच्या मंडळाच्या मागच्या बैठकीत एक गृहस्थ कळवळून म्हणाले, "शाळेत असेपर्यंत मुलं गणपतीला नाचतात, मराठी शाळेत येतात, अठराव्या वर्षी कॉलेजला गेली की संपलं." मी गप्प बसलो, कारण माझाही मुलगा तसाच गेला. १९९६ मध्ये त्याला होस्टेलवर सोडला, आणि मग चार वर्षं दर रविवारी फोनवर मी एकच गोष्ट विचारली : ग्रेड काय पडली? जेवलास का, कुणाकडे जातोस का, हे त्याची आई विचारी. तो आज चांगला आहे, पण आमच्यात जे अंतर पडलं ते त्या चार वर्षांतलं. त्याचं खापर अमेरिकेवर फोडायला मी तयार नाही.

मॅनिंग यांची भीती आणि आपली भीती एकाच जातीची आहे. मुलांना अडवणं त्यांना जमलं नाही, आपल्यालाही जमणार नाही. अर्थात फरक आहेत. चर्चकडे पगारी, पूर्णवेळ माणूस असतो. आपल्याकडे नोकरी सांभाळून सतरंज्या उचलणारे आपणच. आणि त्यांना धर्म जपायचा होता. आपल्याला नेमकं काय जपायचं आहे, भाषा, सण की नुसती आपुलकी, यावर आपलंही एकमत नाही. मंडळाने हॉल घ्यावा की नाही, यावर गेली दोन वर्षं वाद चालू आहे. माझा हॉलला विरोध नाही. पण मॅडिसनचा क्रम लक्षात घ्या : आधी जेवण, मग क्लब, मग माणूस, आणि सगळ्यात शेवटी इमारत.

या वर्षी माझी नात कॉलेजला गेली, आमच्यापासून हजार मैलांवर. तिथल्या मंडळाच्या एका बाईंनी तिला आपणहून फोन केला. त्यांचे आभार कसे मानावेत ते मला कळत नाही. आपल्या गावातही विद्यापीठ आहे आणि तिथे कुणाची तरी नात नक्की असेल. येत्या थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे वरण-भात, बटाट्याची भाजी आणि भोपळ्याचे घारगे आहेत. सुट्टीत होस्टेलवर अडकलेली मुलं माहीत असतील तर कार्यकारिणीकडे नावं द्या. मराठी यायलाच पाहिजे अशी अट नाही. आणि एखादा मोंटानाचा मुलगा बरोबर आला, तर त्याचंही पान मांडू.