शनवार तेल्यांच्या घरी डोनट

कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून हे नाव पडले. मात्र तेलाच्या चमत्काराची आठवण म्हणून आठ रात्री दिवे लावायचा हनुक्का या तेल्यांना ठाऊक नव्हता! हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपला बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. आपले पूर्वज इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास मायभूमीतून निघाले, असे मत त्यांनी मांडले आहे. यरुशलेमच्या मंदिराचे शुद्धीकरण त्यानंतरचे, इ. स. पूर्व १६४ च्या सुमाराचे. या मताप्रमाणे हनुक्का सुरू झाला तेव्हा आपली मंडळी तेथे नव्हतीच.

हाती ग्रंथ नसताना आपल्या पूर्वजांनी सण टिकवले, ते बऱ्याच अंशी चुलीच्या आधाराने. सणांची जुनी नावेच पाहा. एक खिरीचा सण. तिशा बेआवला बिरड्याचा सण. पेसाहला ‘अनाशी ढाकायचा सण’, म्हणजे आंबट पाण्याचे भांडे झाकून ठेवायचा सण. आंबवलेले वर्ज्य, ही आज्ञा त्या झाकणामुळे लक्षात राहिली. हनुक्काची ओळख पुढे बाहेरून आलेल्या यहुदी शिक्षकांमुळे झाली. त्यामुळे जुन्या नावांच्या यादीत तो नाही, आणि त्याच्या नावात कोणताही पदार्थ नाही.

इतर देशांतील यहुद्यांकडे मात्र तळलेल्या पिठाची चाल जुनी आहे. रामबामचे वडील रब्बी मायमोन यांनी बाराव्या शतकात हनुक्काला ‘सुफगानीन’ करण्याची चाल हलकी लेखू नये, असे लिहिले. अरबी मुलखात त्याला ‘स्फिंज’ म्हणत. दोन्ही शब्दांत स्पंजाचा अर्थ आहे. १९२० च्या दशकात पॅलेस्टाईनमधील हिस्ताद्रुत या कामगार संघटनेने मुरंबा भरलेल्या सुफगानियोतचा प्रसार केला. बटाट्याचे लाटके घरोघर होत. सुफगानियोतमुळे बेकरीतील कामगारांना काम मिळे.

अमेरिकेत हा पदार्थ डच वसाहतवाल्यांनी आणला. ते त्याला ‘ओलीकूक’, म्हणजे तेलातला केक, म्हणत. १८०९ साली वॉशिंग्टन अर्विंगच्या पुस्तकात ‘डोनट’ हा शब्द आढळतो. पुढे यहुदी हातांनीच तो घरोघर पोचवला. हंगेरीहून आलेल्या चार्ल्स फ्लाइशमन यांनी भावासह १८६८ साली सिनसिनाटी येथे दाबलेल्या यीस्टच्या वड्या काढल्या. रशियातून आलेल्या अडॉल्फ लेव्हिट यांनी १९२० साली न्यूयॉर्कमध्ये डोनटचे यंत्र बनवले.

१९६५ च्या कायद्याने देशवार कोटा उठला, तेव्हा भारतातील परिचारिकांना येथे येण्याची वाट मोकळी झाली. त्याच वाटेने मीही आले. रात्रपाळीनंतर वॉर्डात डोनटचा खोका उघडे, तीच माझी या पदार्थाशी पहिली ओळख. विकतच्या डोनटमध्ये बहुधा दूध असते, म्हणून मटणाच्या जेवणानंतर तो चालत नाही. घरी मात्र आपल्याकडे नारळाचे दूध आहेच.

माझे प्रमाण असे. अर्धा किलो मैदा, यीस्टची एक पुडी (७ ग्रॅम), ६० ग्रॅम साखर, चमचाभर मीठ, दोन अंडी (फोडून रक्ताचा ठिपका नाही ना ते पाहून), एक कप नारळाचे दूध, दोन मोठे चमचे तेल. दूध ४० अंश सेल्सियसपर्यंत कोमट करावे. बाळाची बाटली मनगटावर पाहतो, त्याहून किंचित गरम. कढत असेल तर यीस्ट मरते. दहा मिनिटे मळून, झाकून, पीठ दुप्पट होऊ द्यावे. थंडीत दीड तासही लागतो. मग दोन सेंटिमीटर जाड लाटून गोल कापावे आणि पुन्हा अर्धा तास फुगू द्यावे. तेल १७५ ते १८० अंश. थंड तेलात डोनट तेल पितो, फार तापले तर आत कच्चा राहतो. एका वेळी तीन-चारच सोडावेत, प्रत्येक बाजू दीड-दोन मिनिटे. निवल्यावर आत करंजीचे सारण भरावे: ओले खोबरे, साखर, वेलची.

आणि हे परिचारिका म्हणून सांगते. तेल पेटले तर पाणी कधीही टाकू नये; गॅस बंद करून वर झाकण घालावे. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. लोणी, हळद काही लावू नये. मधुमेह असलेल्यांनी एकावर थांबावे.

येथे वाढलेली नातवंडे विचारतात, हे आपले का? त्यांना खरे सांगावे. पणजीने डोनट केला नव्हता. तिला हा सणही तिच्या आजीकडून मिळालेला नसेल. पीठ फुगवायची रीत दुसऱ्यांची, नारळाचे दूध व सारण आपले. बिरडे आणि खीर यांची प्रमाणे आपल्या आयांच्या हातात होती, कागदावर नव्हती. मुंबई सोडताना त्यांतली किती तरी मागे राहिली. म्हणून भगिनींना विनंती, की यंदा हनुक्काला मुलांना ओट्याशी उभे करा, वजन-माप त्यांच्याच हातून लिहून घ्या आणि वर मराठीत पदार्थाचे नावही घाला.

सर्वांना हाग सामेआख!