गव्हर्नरसाहेबांचा जीमेल

आज एका मेलची गोष्ट सांगतो.

साल २०१२. मी देऊळघाटला, शाळेत. काका बुलढाण्याच्या सायबर कॅफेतून एक प्रिंटआउट घेऊन आले. म्हणाले, "पाय बरं, खरं हाय का हे?"

रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी काकांना लिहिलं होतं. ब्रिटनची लॉटरी लागली, पाच कोटी! पत्ता जीमेलचा. एका ओळीत 'सर', पुढच्या ओळीत 'मॅडम'. आणि पैसे सोडवायला साडेबारा हजार भरा, तेही कुणाच्या तरी साध्या बचत खात्यात. मी पोट धरून हसलो. ओसरीवर बसलेल्या चारचौघांना वाचूनही दाखवलं.

काकाही हसले. कागदाची घडी करून खिशात घातली. पुढचे मेल त्यांनी मला दाखवलेच नाहीत. पैसे भरले होते, हे दोन वर्षांनी काकूकडून कळलं.

एवढा बावळट मेल लिहितं कोण? बीटेकला असताना याचं उत्तर सापडलं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्येच एक पेपर लिहिला होता. प्रश्न सोपा: ठग स्वतःला नायजेरियाचे का म्हणवतात? नाव ऐकूनच लोक सावध होतात की! हर्लींचं गणित असं, की लाखो मेल टाकायला खर्च जवळपास शून्य. खर्च येतो तो उत्तर देणाऱ्याशी पुढे बोलत बसण्यात. अर्ध्यात शंका येऊन निसटणारा माणूस म्हणजे वेळ वाया. म्हणून गोष्टच अशी अचाट ठेवायची की माझ्यासारखा हसणारा पहिल्याच ओळीला गळावा. आमच्या भाषेत सांगायचं तर तो फिल्टर होता. मी गळलो, काका उरले.

युक्ती जुनी आहे. चोराचा पोलीस झालेल्या फ्रान्सच्या विदोकने १८२८ च्या आठवणींत पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातल्या कैद्यांबद्दल लिहिलंय. हे लोक श्रीमंतांना पत्रं पाठवायचे: दागिन्यांची पेटी तुमच्या भागात लपवलीय, थोडे पैसे पाठवा. शंभरातल्या वीस पत्रांना उत्तर यायचं म्हणे! पुढे याचाच 'स्पॅनिश कैदी' झाला. १८९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्या पत्राचं वर्णन छापलं: पातळ निळा कागद आणि मधूनच एखादा चुकलेला शब्द. स्पेलिंगच्या चुका तेव्हाही होत्या! मग नायजेरिया आला. तिथल्या फसवणुकीच्या कलमावरून या धंद्याला '४१९' म्हणतात. आपल्याकडे तेव्हा ४२० होतं, फार फरक नाही.

आणि मिंट रोडवरची खरी रिझर्व्ह बँक? तिने मे २०१० मध्येच परिपत्रक काढून बँकांना बजावलं होतं, की लॉटरीच्या नावाखाली असे 'चार्जेस' देशातल्याच वैयक्तिक खात्यांत भरून घेतले जातायत, लक्ष ठेवा. म्हणजे काकांच्या दोन वर्षं आधी. पण परिपत्रक बँकेत गेलं आणि मेल काकांकडे आला.

परवा काकांनी व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. बँकेचं केवायसी, लोगो जागेवर, मराठी शुद्ध, एकही चूक नाही. खाली काकांनी लिहिलं होतं: "हसू नको. पाहून सांग."

मी लगेच फोन लावला.