भट्टीची गादी

शाळेच्या प्रवेश अर्जात पालकांच्या व्यवसायाचा एक रकाना असतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने त्यात नुसते ‘नोकरी’ असे लिहिले. कोठे नोकरी, असे विचारता त्याने मान खाली घातली. वडील बेकरीत भट्टीवर काम करतात, हे त्याला चारचौघांत सांगवेना. ती खाली गेलेली मान या लेखास कारण झाली आहे.

विद्यार्थीमित्रांनो, ज्या कामाची आपण लाज बाळगतो त्याचा इतिहास फार जुना आहे. राजस्थानातील कालीबंगन येथे 1960 ते 1969 या काळात उत्खनन झाले. तेथील प्राचीन घरांत आजच्या तंदूरसारख्या मातीच्या भट्ट्या सापडल्या. प्राचीन इराकच्या अक्कादी भाषेत अशा भट्टीला ‘तिनूरू’ म्हणत. अरबीतील ‘तन्नूर’, फारसीतील ‘तनूर’ आणि आपला ‘तंदूर’ ही सारी एकाच कुळातील नावे. पवित्र कुरआनात हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांच्या जलप्रलयाच्या प्रसंगी ‘तन्नूर’ हा शब्द आलेला आहे, हे पालकांना ठाऊक असेलच.

मोगल बादशाह अकबराच्या दरबारातील अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. त्यात भट्टीत भाजायच्या मोठ्या रोटीचे प्रमाण नोंदलेले आहे : 10 शेर पीठ, 5 शेर दूध, दीड शेर तूप आणि पाव शेर मीठ. बादशाहीच्या ग्रंथात ज्या कामाला जागा मिळाली, ते हलके कसे म्हणावे?

आपला पाव मात्र दुसऱ्या वाटेने आला. 1510 साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यांच्या भाषेतील ‘पांव’ हा शब्द आपण ‘पाव’ म्हणून स्वीकारला. गोव्यात पाव भाजणारा तो ‘पोदेर’. खमिराची अडचण त्याने माडाच्या ताडीने भागवली. पुढे गोव्याच्या लोकांनी आणि नंतर इराण्यांनी मुंबईत बेकऱ्या चालवल्या. आज त्यांतील कितीतरी भट्ट्यांवर उत्तर प्रदेशातून आलेले आपले बांधव राबतात. समाजाने या अन्नाकडे नेहमीच सरळ नजरेने पाहिले असे नाही. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांमागेही प्रायश्चित्ताचा वाद लागला. ‘भटारखाना’ या शब्दात लपलेल्या भटियाऱ्याला तर कोणी मानाने हाक मारली नाही.

आता भट्टीच्या शास्त्राकडे वळू. तंदूरमध्ये विस्तव आतच असतो आणि रोटी भिंतीला चिकटवतात. पावाच्या भट्टीत आधी लाकडे जाळून भिंती व तळ तापवतात. मग निखारे बाहेर ओढतात किंवा बाजूला सारतात, ओल्या फडक्याने तळ पुसतात आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. म्हणजे भट्टी ही उष्णतेची तिजोरी होय. तिजोरीत जमा किती केले एवढे पाहून भागत नाही. गळती किती आहे तेही पाहावे लागते.

हे मुलांना प्रत्यक्ष दाखवावे म्हणून एका हिवाळ्यात आम्ही शाळेमागे लहानशी भट्टी बांधली. तांबडी चिकण माती आणि दुप्पट-तिप्पट वाळू पायांनी तुडवली. जमिनीवर विटांचा तळ मांडला, त्यावर ओल्या वाळूचा घुमट केला आणि त्याला भिजलेली वर्तमानपत्रे चिकटवली. वरून चार बोटे जाडीचा मातीचा थर दिला. थर घट्ट झाल्यावर दार कापून आतली वाळू उपसली. दाराची उंची आतल्या घुमटाच्या सुमारे 63 टक्के असावी, असे कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या जुन्या भट्ट्यांच्या अभ्यासात आढळले आहे. तेही प्रमाण आम्ही पाळले. शेवटी पातळ चिखलात भाताचे तूस कालवून वीतभर जाडीचे वेष्टण दिले. आतला जड थर उष्णता साठवतो, बाहेरचा हलका थर ती अडवतो. तुसाच्या फटींत हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. रसायनीच्या कारखान्यांत वाफेच्या नळांना जाड वेष्टण असते, ते याचसाठी.

सारे पुस्तकाबरहुकूम झाले, पण पाव वरून करपले आणि खालून कच्चे राहिले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. माझी बी. ए., बी. एड. येथे कामी आली नाही.

अखेर त्याच मुलाच्या वडिलांना निरोप धाडला. ते रविवारी आले. त्यांनी तळाशी हात लावून पाहिला आणि म्हणाले, “सर, भट्टीला वरून रजई घातलीत, पण खाली गादी घालायची राहिली. ही ओल्या जमिनीवर बसली आहे. हिची आग जमीनच खाते.”

त्यांनी तळाच्या विटा काढायला लावल्या. खाली वीतभर खणून फुटक्या बाटल्यांच्या काचा, कोरडी वाळू आणि खडे मीठ यांचे थर दिले. काचेचे काम त्यांनी मुलांना करू दिले नाही. वर पुन्हा विटा बसवल्या. मग मला कारण उमगले. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे 540 कॅलरी उष्णता लागते. पाताळगंगेच्या काठची आपली जमीन हिवाळ्यातही आतून ओली. आमची लाकडे पाव भाजण्याऐवजी जमीन वाळवत होती. पुढच्या खेपेस पाव खालून खमंग निघाला आणि लाकडेही कमी लागली. त्या दिवशी वर्गाला उष्णतेचा पाठ त्या वडिलांनी दिला. मी मुलांत बसून ऐकला.

लाकूड वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. कर्जत-खालापूरच्या डोंगरांतून डोक्यावर मोळ्या आणणाऱ्या आदिवासी भगिनी आपण पाहतोच. शिवाय धुराने भट्टीवाल्याचीच छाती आधी भरते. 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. हेतू योग्यच आहे. पण जुन्या कारागिराच्या पोटाचाही विचार व्हावा. इंधन बदलले तरी उष्णता राखण्याची विद्या बदलत नाही. गॅसच्या भट्टीलाही रजई आणि गादी लागतेच. हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे, त्यांच्या मुलांनी त्याला शाळेतील विज्ञानाची जोड दिली, तर नव्या भट्ट्या बांधणारे इंजिनियर याच घरांतून निघतील.

म्हणून पालकांना नम्र विनंती, की आपले काम मुलांना समजावून सांगा; एखादे दिवशी शाळेत येऊन आम्हा शिक्षकांनाही सांगा. मुलांना पुस्तक अवश्य द्या, पण घरची विद्या लपवायला शिकवू नका.

पुढच्या वर्षी त्या मुलाने अर्ज पुन्हा भरला. व्यवसायाच्या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘बेकरी कारागीर’.