चूल, बंब आणि धूर

सुप्याचें नांव मराठ्यांच्या इतिहासांत शहाजीराजांच्या जहागिरीमुळें आलें, आणि इंग्रजी अमदानीच्या इतिहासांत १२ मे १८७५ च्या दंग्यामुळें. त्या दिवशीं या गांवीं शेतकरी सावकारांवर उठले. दंगा पसरला तसे ठिकठिकाणीं कर्जरोखे जाळण्यांत आले. कागदांच्या त्या जाळाची सरकारी चौकशी झाली, अहवाल निघाला. घरोघर दोन्ही वेळां पेटणाऱ्या चुलीची नोंद मात्र कोणी ठेविली नाहीं. आणि आमच्या मतें अधिक डोळे तिनेंच घालविले.

हा मुलूख जिरायती. नीरेच्या कालव्याचें पाणी बारामतीच्या बाजूस गेलें, सुप्याचा माळ कोरडा राहिला. तेव्हां सरपण म्हणजे बाभूळ, तुराट्या आणि गोवऱ्या. जाणत्या बायका बाभळीच्या ढलप्या उन्हाळाभर वाळवीत आणि मृगापूर्वीं आडोशाला रचीत. चुलींतली राख काढावयाची, काटक्या मोकळ्या रचून पेटवावयाच्या, जाळ धरला कीं मग एकेक ढलपी टोंकानें पुढें सारावयाची. यामागचें शास्त्र सोपें आहे. धूर म्हणजे जळावयाचें राहून गेलेलें लांकूड. लांकूड तापलें कीं आधीं त्यांतलें पाणी जातें, मग वायु सुटतात. त्यांस पुरेशी हवा व उष्णता मिळाली तर जाळ, न मिळाली तर धूर. ताज्या तोडलेल्या लांकडांत निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचें असूं शकतें. म्हणून ओलें सरपण घातलेली किंवा तोंड गच्च भरलेली चूल फुंकणीनें कितीही फुंका, डोळेच चुरचुरावयाचे. त्यांतून पावसाळ्यांत माळवदाचें साणें झांकलें कीं सारा धूर घरांत.

आमच्या वाचकांनीं येथें आपल्या घरचा तांब्याचा बंब आठवावा. खालीं जाळी, जाळीखालून हवा, मधून उभी नळी; थोड्या ढलप्यांत पाणी कढत, आणि एकदां पेटल्यावर धूर फारसा नाहीं. म्हणजे जाळीची व ओढीची विद्या आपणांस ठाऊक होती. ती स्नानाच्या पाण्यापाशींच थांबली, भाकरीच्या चुलीपर्यंत पोहोंचली नाहीं. कारण आम्हांस एकच दिसतें: घरांतील खर्च ठरविणारा चुलीपुढें बसत नव्हता.

प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १९३४ सालीं निघालेल्या ग्रामोद्योग संघानें वर्ध्याच्या मगनवाडींत धुराड्याची 'मगन चूल' बनविली. पुढें १९८३ पासून २००२ पर्यंत सरकारनें देशभर तीन कोटींहून अधिक सुधारलेल्या चुली बसविल्या. बसविलेल्या चुलींची मोजणी चोख झाली. पेटत राहिलेल्यांची तितकी नाहीं. धुराडें काजळीनें चोंदे, माती तडके, आणि बाई पुन्हां जुन्या चुलीकडे वळे. शिवाय धुराडें धूर बाहेर नेतें एवढेंच. तो होऊंच न देणें हें काम हवेचें व कोरड्या लांकडाचें. नीरेपलीकडे फलटणास डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनें उसाच्या पाचटाचा कोळसा केला, त्यास २००२ चा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. कोळशास धूर जवळजवळ नसतो. पण कोरड्या माळानें पाचट आणावें कोठून?

२०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गॅस आला. तरी टाकी महाग वाटली कीं अंगणांत पाण्याची चूल पेटते. बंब बहुतेक मोडींत गेले. तीन दगडांची चूल, जाळीवांचून, अजून तेथेंच आहे.