हेरगिरी नव्हे, चौकशी

पैसे घेऊन दुसऱ्यासाठी तपास करणाऱ्या माणसाला मराठी वर्तमानपत्रं ‘खासगी गुप्तहेर’ म्हणतात, त्याच्या कचेरीच्या पाटीवर ‘डिटेक्टिव्ह’ लिहिलेलं असतं आणि बोलण्यात ‘जासूस’ येतो. यांतला एकही शब्द या धंद्यासाठी मराठीत घडलेला नाही. पहिला राजाच्या पदरचा, दुसरा इंग्रजी पोलिसांचा, तिसरा अरबी मुळाचा. काम नवं म्हणून शब्द उसने, असं कुणी म्हणेल, पण काम मुळीच नवं नाही. लग्न जुळवताना मुलाची नोकरी खरी आहे का, बाहेर देणं किती आहे, घर स्वतःचं की भाड्याचं, बाटलीचा नाद नाही ना, हे सगळं आपल्याकडे पूर्वापार काढलं जातंच. ‘चौकशी करणं’ आणि ‘माहिती काढणं’ ही त्याची रोजची क्रियापदं. मात्र ते काम आत्याचे दीर, त्या गावात बदली झालेला मास्तर किंवा लग्न जमवणारा मध्यस्थ करी, आणि तेही नात्यापोटी. मोबदला घेऊन तेवढंच करणारा माणूस नव्हता, म्हणून क्रियापद होतं आणि कर्त्याला नाव नव्हतं. शहरात नाती विरळ झाली, शेजारी अनोळखी झाले, तेव्हा हा माणूस अवतरला, आणि आपण त्याच्या अंगावर सापडेल तो पोशाख चढवला.

तो पोशाख कुणाचा, हे पाहण्यासारखं आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त गूढपुरुषांचे प्रकारच दिलेले आहेत. कुणी विद्यार्थ्याच्या, कुणी व्यापाऱ्याच्या, कुणी तापसाच्या वेषात वावरणारा, पण सगळे राजाचे. मराठी माणसाला हेर म्हटलं की बहिर्जी नाईक आठवतात. म्हणजे हेर हा शत्रूच्या गोटात शिरणारा, आणि त्याच्या पाठीशी सत्ता. डिटेक्टिव्हची कुळी निराळी. लंडनच्या पोलिसांनी १८४२ साली आठ जणांची तपासशाखा काढली, तेव्हा हा शब्द पोलिसांना चिकटला. त्याचं लॅटिन मूळ ‘झाकण काढणं’ या अर्थाचं आहे. खासगी धंदा मात्र त्याहून जुना. पॅरिसच्या पोलिसांत गुन्हेशोधाचं खातं चालवलेल्या विदोकनं १८३३ साली स्वतःची कचेरी उघडली ती व्यापाऱ्यांना बुडवणाऱ्या ठकांची माहिती पुरवण्यासाठी. शिकागोच्या पोलिसांत काम केलेल्या अ‍ॅलन पिंकर्टनची संस्था १८५० च्या सुमारास उभी राहिली आणि रेल्वे कंपन्यांच्या कामावर वाढली. दोघांचंही गिऱ्हाईक बाजारपेठेतलं. आपल्या आत्याच्या दिरांचं काम याच जातीचं होतं, बहिर्जींच्या नव्हे.

यावर आक्षेप असा की, ‘हेरणं’ म्हणजे नेमकं टिपणं, तेव्हा हेर चालायला हरकत काय? शिवाय वापरानं शब्द बदलतात. बंगालीतला ‘गोयेंदा’ मूळचा फारसी, ‘सांगणारा’ या अर्थाचा, आणि पुढे खबऱ्या. आज सत्यजित राय यांच्या फेलूदामुळे तो मुलांचा लाडका शब्द आहे. हे खरं आहे. पण तिथं तो धुऊन निघाला तो साहित्यानं, आणि तेही वाद घालून. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या व्योमकेश बक्शीला डिटेक्टिव्ह आवडत नाही, गोयेंदा तर त्याहून नाही. म्हणून त्याच्या दारावरच्या पितळी पाटीवर नावापुढे ‘सत्यान्वेषी’ एवढंच असतं. (हेच शरदिंदू पुढे पुण्यात येऊन राहिले.) मराठीत ही घासाघीस झालीच नाही. बंगाली आणि हिंदीनं या वाङ्मयाला तपास करणाऱ्याचं नाव दिलं, गोयेंदा कथा, जासूसी उपन्यास. आपण त्याला ‘रहस्यकथा’ म्हटलं. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड वाचकांनी डोक्यावर घेतला तो धाडसासाठी. हिशेबाची वही चाळत बसलेला साधा चौकशीकार आपल्या कथेला नायक म्हणून फारसा लाभला नाही, त्यामुळे ‘गुप्तहेर’ शब्दाची धारही बोथट झाली नाही.

आणि ती धार आज लोकांना लागते. हेराला मुभा असते, ही समजूत शब्दाबरोबर येते. गिऱ्हाईक समजतं की हा फोनची यादी काढून देईल, बँकेचं खातं उघडून दाखवेल. प्रत्यक्षात या माणसाला तुमच्याआमच्याहून एकही अधिकार जास्त नाही, आणि अशी यादी चोरून मिळवणं गुन्हा आहे. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. डिटेक्टिव्ह संस्थांसाठी २००७ साली राज्यसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. कायद्याची चौकट नसताना मर्यादा सांगायला निदान शब्द तरी प्रामाणिक हवा. मला ‘खासगी तपासनीस’ पटतो. चिटणीस, फडणीस यांच्या पंगतीतला तो शब्द आहे, आणि त्यातला ‘नीस’ म्हणजे लिहिणारा. त्याला शाळा तपासणाऱ्या साहेबाचा वास येतो, ही तक्रार मान्य आहे. पण या धंद्यात शेवटी गिऱ्हाइकाच्या हाती जे पडतं ते कागदच असतात. कोण, कुठे, किती वाजता, कुणाबरोबर दिसलं याची तारीखवार नोंद, सोबत फोटो, खाली सही.