‘न्यूरोडायव्हर्जंट’ : एका शब्दाचा इतिहास

नवा शब्द जन्मास येतो तो बहुधा जुने शब्द अपुरे किंवा अन्यायाचे वाटूं लागल्यामुळें. ‘न्यूरोडायव्हर्जंट’ हा शब्द अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतूनही कानीं पडूं लागला आहे. त्याच्यापूर्वीं काय घडलें हें पाहिल्यावांचून त्याचा अर्थ नीट उमगणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

१९४३ सालीं बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर ह्यांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. हीं मुलें एकान्तप्रिय, ठराविक क्रमास चिकटून राहणारीं, पण कित्येक विलक्षण स्मरणशक्तीचीं होतीं. स्विस वैद्य ब्लॉयलर ह्यांनीं निराळ्या मनोविकाराच्या संदर्भांत घडविलेला ‘ऑटिझम’ हा शब्द ह्या स्थितीस लागला. पुढच्याच वर्षीं व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर ह्यांनीं तशाच मुलांच्या गुणांचें कौतुक केलें. परंतु ज्या ‘आम् श्पीगेलग्रुंड’ संस्थेंत नाझी अमदानींत शेंकडों मुलांचा बळी गेला, तेथें त्यांनींच कांहीं मुलें धाडिलीं होतीं, हें २०१८ सालच्या संशोधनानें उघड झालें. मुलाच्या कपाळीं कोणता शब्द चिकटतो, ह्यावर त्याचें जगणें-मरणें अवलंबून होतें.

महायुद्धानंतर दोष मातांवर आला. आईबापांच्या थंड वागणुकीनें मूल असें होतें, हें मत ब्रूनो बेटलहाइम ह्यांनीं १९६७ च्या ग्रंथांत जोरानें मांडलें. वस्तुतः बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, १९६४ सालींच त्याचें खंडन केलें होतें. तरी त्या आरोपाचा चटका असंख्य घरांनीं सोसला.

मग ज्यांच्याविषयीं एवढी चर्चा चालली होती, तेच बोलूं लागले. १९९३ सालीं टोरोंटोच्या परिषदेंत जिम सिंक्लेअर ह्यांनीं आईबापांस विनविलें, कीं आमच्यासाठीं शोक करूं नका. १९९८ मध्यें ऑस्ट्रेलियांतील जूडी सिंगर ह्यांच्या प्रबंधांत आणि अमेरिकेंतील हार्वे ब्लूम ह्यांच्या लेखांत ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द आला. सुमारें २००० सालीं कॅसियान असासुमासु ह्यांनीं ‘न्यूरोडायव्हर्जंट’ घडविला.

ह्या दोन शब्दांतील भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. बागेस विविध म्हणतां येतें. एकट्या झाडास नाहीं. वैविध्य समुदायाचें, भिन्नत्व व्यक्तीचें. ज्याच्या मेंदूचें कार्य बहुसंख्यांहून निराळ्या रीतीनें चालतें, तो न्यूरोडायव्हर्जंट. मग त्याचें कारण ऑटिझम असो, अपस्मार असो वा अक्षरओळखीची अडचण असो. म्हणून हें रोगाचें नांव नव्हे, निदानही नव्हे. मराठींत ‘मज्जाभिन्न’ म्हटल्यास कसें?

ज्यांच्या अपत्यास जन्मभर कोणी भरवावें, न्हाऊं घालावें लागतें, ते आईबाप विचारतील, कीं गोड शब्दानें आमचे कष्ट झांकले जाणार काय? हा प्रश्न रास्त आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें ऑटिझमची दखल घेतली व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें विशिष्ट अध्ययन-अक्षमतेसही स्थान दिलें. तेथें निदानाचींच नांवें आहेत, आणि मदत त्यांच्याच आधारें मिळते. तीं सोडून चालणार नाहीं. निदान सांगतें, ह्या मुलास काय हवें. नवा शब्द सांगतो, त्याजकडे कोणत्या नजरेनें पहावें. एका घरांत दोहोंसही जागा असावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.