गळाचे चाक: वर्धेच्या काठापासून खाऱ्या पाण्यापर्यंत

वऱ्हाडात गळ जुना, गळाचे चाक नवे. मुलताईजवळ उगम पावून अमरावती जिल्ह्याची पूर्वसीमा आखत जाणारी वर्धा आणि शेंदूरजनाघाटच्या बाजूला सातपुड्यातून उतरणारे नाले, यांत मासेमारी चालली ती मुख्यतः जाळ्यावर. तो भोई आणि ढिवर समाजांचा धंदा. गळ हे फावल्या वेळचे काम होते. बांबूची काठी, टोकाला साधारण काठीएवढीच दोरी, लोखंडी गरी आणि तिला गांडूळ किंवा कणकेची गोळी. मरळ, वाम, शिंगाळा यांना एवढे पुरे. पाऊस सरला की डोह आटत जातात. त्यात मासा पळून पळून जाणार कुठे? काठी वाकते, माणूस दोन पावले मागे सरतो आणि मासा काठावर येतो. मासा दोरीच्या लांबीपलीकडे पळू शकत असेल, तरच चाक लागते. या चाकाचा, म्हणजे रीलचा, सगळा इतिहास या पळण्याचा आहे.

चाकाचे सर्वांत जुने चित्र चीनमधले. 1195 च्या सुमारास मा युआन या चित्रकाराने गारठलेल्या पाण्यावर एकट्या होडीत बसलेला मासेगार रंगवला. त्याच्या काठीवर दोरी गुंडाळायचे छोटे चाक स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये असे चाक छापील पुस्तकात येते ते 1651 मध्ये, टॉमस बार्करच्या लिखाणात. पुढची दोन शतके ते नुसते दोरी साठवायचे साधन राहिले, बहुधा लाकडाचे नाहीतर पितळेचे. अमेरिकेत चार्ल्स ऑर्व्हिसने 1874 मध्ये अरुंद, उभे आणि भोकाभोकांचे फ्लाय रील (फ्लाय म्हणजे पिसांचे कृत्रिम आमिष) पेटंट केले. भोके शोभेची नव्हती. तेव्हाची दोरी रेशमाची. ओली राहिली की कुजे, म्हणून तिला हवा हवी होती. इंग्लंडच्या हार्डी बंधूंनी 1890 च्या आसपास ‘परफेक्ट’ रीलमध्ये बॉल बेअरिंग बसवले आणि चाक हलके फिरू लागले.

हिंदुस्थानात ही वस्तू साहेबाच्या सामानातून आली, आणि ती महसीर या माशासाठी आली. विल्यम साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने दख्खनी महसीरचे वर्णन 1839 मध्ये प्रसिद्ध केले. त्याने पाहिलेला मासा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला होता. याच माशाची दुसरी जात तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांत राहते. मंगळूरकडे कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन टॉमसने 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले. महसीरची पहिली धाव विलायतच्या सामन माशापेक्षा जबर असते, हा त्याचा ठाम दावा. सामनसाठी केलेली चाके या धावेपुढे अपुरी पडत, म्हणून इथल्या नद्यांसाठी जास्त दोरी मावणारे मोठे चाक घ्यावे लागे. 1946 मध्ये म्हैसूरकडच्या कबिनी नदीत 120 पौंडांचा महसीर गळाला लागला. असला मासा काठीला बांधलेल्या दोरीने धरणे शक्यच नव्हते.

या व्यवहारात एक वस्तू उलट दिशेनेही गेली. करड्या रानकोंबड्याच्या मानेवरची मेणासारखी चमकदार ठिपक्यांची पिसे विलायती माशांसाठीच्या फ्लायवर डोळे म्हणून बांधली जात. हा पक्षी मेळघाटातही आहे. 1902 मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, पण मागणी सरली नाही. चाक बनवणाऱ्यांची नावे पेटंटांत राहिली. पिसे गोळा करणाऱ्यांची कुठेच नाहीत.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात हा छंद थोड्यांचाच राहिला. मुंबईत 1891 मध्ये बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पिण्यासाठी उपयोगाचे ठरले नाही, आणि तो पुढे गळ टाकणाऱ्यांच्या संघटनेचे ठिकाण बनला. महसीर मात्र धरणांनी अडवला. मत्स्य खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1970 च्या सुमारास लोणावळ्याच्या तळ्यांवर त्याची कृत्रिम पैदास साधली, आणि टाटांच्या वीज कंपनीने ते काम पुढे चालवले.

समुद्राने चाकाची खरी परीक्षा घेतली. जुन्या रीलची मूठ माशाबरोबर उलटी फिरे आणि बोटे फोडी; दोरी थोपवायला अंगठ्याखाली चामड्याचा तुकडा दाबत. 1913 मध्ये कॅलिफोर्नियाजवळ विल्यम बोशेनने आतल्या ब्रेकच्या रीलवर तलवार मासा धरला. ते रील ज्युलियस व्होम होफने घडवले होते. फ्लायचा खाऱ्या पाण्यातला प्रसार त्यानंतरचा. फ्लोरिडाच्या उथळ पाण्यात जो ब्रूक्सने 1947 मध्ये ठरवून बोनफिश फ्लायवर पकडला. मग मायामीत बॉब मॅकक्रिश्चनचे ‘सीमास्टर’ आले. 1956 च्या उठावानंतर हंगेरी सोडलेल्या टेड युरासिक या डायमेकरने पुढे बिली पेट या मासेगारासाठी रील घडवले. अखंड अॅल्युमिनियमच्या दांड्यातून कोरलेले चाक, वर अॅनोडायझिंगचा थर आणि आत बुचाच्या चकतीचा ब्रेक, ही ठेवण तेव्हा रुळली. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटून राहिले की अॅल्युमिनियम झिजते, हा धडाही कारखान्यांना समुद्रानेच दिला. अलीकडे ब्रेक बंद डबीत असतो आणि चकत्या बहुधा कार्बनच्या असतात.

आज कुणाला असे रील भेट द्यायचे तर पाहायच्या गोष्टी याच इतिहासातून आल्या आहेत. घेणारा कोणत्या हाताने गुंडाळतो आणि त्याचा रॉड कितव्या नंबरचा आहे, हे आधी विचारावे. आठच्या रॉडला बाराचे रील बांधले तर तोल जातो. ब्रेक घट्ट करून दोरी ओढून पाहावी. ती झटक्याने सुटली तर रील कितीही देखणे असो, ते ठेवून द्यावे, कारण गरीजवळचा बारीक दोरा, म्हणजे टिपेट, त्याच झटक्यात तुटतो. गाभा मोठ्या व्यासाचा असावा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त दोरी आत येते. रंग आणि कोरीव नक्षी यांवर पैसे शेवटी घालावेत.

फ्लोरिडाची मापे मात्र कोकणात जशीच्या तशी लागू होत नाहीत. तिथल्या उघड्या उथळ पाण्यात मासा दोन-अडीचशे वारही पळू शकतो, म्हणून फ्लाय लाइनमागे तेवढे बॅकिंग, म्हणजे जोडदोरी, भरतात. रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांतला जिताडा किंवा तांबोशी लांब पळत नाही. गरी लागताच तो कांदळवनाच्या मुळांत किंवा खडकाच्या कपारीत शिरू पाहतो. त्याला पहिल्या काही हातांतच रोखावे लागते. तिथे बॅकिंग कमी चालते. ब्रेक पहिल्या क्षणापासून जोरकस हवा आणि रॉड आठ ते दहा नंबरचा.